तळ्याकाठचा आठवडा आणि परक्याचे पॉइंट

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि नमस्काराच्या मागोमाग चौकशी. पाठ कशी आहे? मागच्या खेपेला चप्पल घालताना तू भिंतीला हात लावलास ते मी पाहिलं होतं (तेव्हा बोललो नाही, कारण तुझ्या सासूबाई समोर होत्या, आणि पाठीच्या दुखण्याचा विषय माहेरच्या माणसानं काढला की सासरच्यांना तो टोमणा वाटतो). भाऊजींना नमस्कार सांग. चिमणीचे पुढचे दात आले असतील तर कळव. माझी तब्येत बरी आहे. खोकला होता, तो गेला. खोलीतला पार्टनर लांबू (टेम्पो चालवतो, तू त्याला पाहिलं आहेस, दाराच्या चौकटीवर कपाळ आपटताना) मजेत आहे. दुकानात मालकांचं आणि माझं बोलणं चालू असतं, म्हणजे ते बोलतात आणि मी ऐकतो. कोणी किल्ली करून घ्यायला आला की ती कुठल्या दाराची, दार कोणाचं, घरात कोण कोण राहतं, एवढं तरी मी विचारतोच. परवा मालक म्हणाले, तू किल्ली बनवतोस की सोयरीक जुळवतोस. पण ताई, आपल्या दाराची किल्ली परक्याच्या हातात जाणं ही साधी गोष्ट नाही, आणि ह्या पत्राचा विषयही साधारण त्याच गल्लीतला आहे.

बाबांनी घेतलेलं सुट्टीच्या क्लबाचं सभासदत्व तुला आठवत असेल. एका हॉटेलच्या हॉलमध्ये फुकट जेवण आणि भिंतीवरचं घड्याळ देतो म्हणून बोलावलं होतं, तेव्हाचं. (घड्याळ पहिल्याच वर्षी बंद पडलं. सभासदत्व अजून चालू आहे.) तू त्या दिवशी कॉलेजला गेली होतीस, मी बाबांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. विकणारा माणूस खूप बोलला. वर्षाला इतके पॉइंट खात्यात जमा होणार, पॉइंट देऊन क्लबाच्या घरांत राहायचं, खोली मोठी तर पॉइंट जास्त, आणि वर्षअखेर उरलेले पॉइंट बाद. बाबा मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष जेवणाच्या टेबलाकडे होतं. मग त्या माणसानं एक फोटो पुढे सरकवला. तळं, तळ्याकडे उघडणारी बाल्कनी, बाल्कनीत टेबल, आणि टेबलाभोवती आई, बाप, मुलगी, मुलगा. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाबांनी फोटोतल्या बाईकडे बराच वेळ पाहिलं आणि पेन मागितलं.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. आधी तुझं लग्न, मग कारखान्यात बाबांची रात्रपाळी, मग रजा मंजूर न होणं, आणि मग बाबाच. दरवर्षी आपल्या घराला एक सुट्टी मिळत गेली आणि दरवर्षी ती न वापरता बाद होत गेली. बाबांच्या मागे ते खातं मी माझ्या नावावर करून घेतलं (त्याला किती कागद लागले ते सांगत बसत नाही, पण मी जिवंत आहे हेही एकदा सिद्ध करावं लागलं).

आता मुद्दा. आपण भेटतो कुठे, ह्याचा मी बसून विचार केला. तुझ्याकडे आलो की मी सोफ्याच्या कडेला बसतो आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभी असतेस, एक कान गॅसकडे ठेवून. माझ्याकडे आलीस की लांबूच्या खाटेवर बसावं लागतं आणि लांबू जिन्यात जाऊन उभा राहतो, म्हणून तू लवकर उठतेस. बाकी भेटी लग्नाकार्यात, नाहीतर दवाखान्यात तुझी ड्यूटी संपताना, फाटकापाशी. आई गेल्यावर माझी शाळेची बॅग भरण्यापासून नखं कापण्यापर्यंत सगळं तू केलंस. (शाळा मी नववीत सोडली त्यात तुझा दोष नाही, बॅग बरोबरच भरलेली असायची.) त्या घरातून आपण दोघंही बाहेर पडलो, आणि तेव्हापासून आपल्या दोघांपैकी एक जण नेहमी पाहुणा असतो. मला असं एक घर हवं होतं जिथे दोघांपैकी कोणीच पाहुणा नाही, किंवा दोघंही आहेत. मागच्या वेळी जिना उतरताना तू म्हणालीस, "एकदा निवांत बसू रे." मी ते धरून चाललो आहे.

तळ्याकाठचं ते घर क्लबाच्या यादीत अजून आहे. माझ्या खात्यातल्या पॉइंटांत तिथे एक खोली येते, पण त्या खोलीला बाल्कनी नाही, आणि एका खोलीत तुम्ही तिघं आणि मी, म्हणजे पुन्हा मी कडेला बसणार. दोन खोल्यांचं घर घ्यायला पॉइंट कमी पडत होते. क्लब सुटे पॉइंट विकत नाही. मात्र एक सभासद दुसऱ्याच्या खात्यात आपले पॉइंट वळते करू शकतो, आणि त्याबद्दल काय द्यायचं-घ्यायचं ते दोघांनी आपापसांत ठरवायचं. फसवणुकीला ह्याहून सोयीची जागा मी तरी पाहिलेली नाही. सभासदांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर मी लिहिलं, पॉइंट हवेत, सचोटीची माणसंच हवीत. लांबू म्हणाला, दुसरं वाक्य काढ, त्यानं चोर नाराज होतात.

नाराज झाले नाहीत. लगेच एका साहेबांचा निरोप आला. फोटोत सूट होता. सुटात माणूसही होता, पण सूट जास्त दिसत होता. भाव इतरांच्या निम्मा, पॉइंट हवे तेवढे, फक्त संध्याकाळच्या आत पैसे पाठवा. मी सभासद क्रमांक विचारला, ते म्हणाले गुप्त असतो. मी खात्याचा फोटो मागितला, तो त्यांनी पाठवला, पण त्यात पॉइंट बाद होण्याची तारीख पॉइंट जमा होण्याच्या आधीची होती. फोन करून विचारलं तर म्हणाले, कॉम्प्युटरची चूक. मग त्यांनी खात्रीसाठी क्लबाचा म्हणून एक नंबर दिला. मी लावला. क्लबाचे अधिकारी बोलू लागले, आणि ताई, साहेबांच्या मागे जे बाळ रडत होतं तेच अधिकाऱ्यांच्याही मागे रडत होतं. मी म्हटलं, आधी बाळाला घ्या, मी थांबतो. त्यांनी घेतलं. बाळ शांत झाल्यावर अधिकारी साहेबांच्या आवाजात म्हणाले, पॉइंट तुमच्या खात्यात टाकायला तुमचा पासवर्ड लागेल.

इथे मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की टपालपेटीत पत्र टाकायला पेटीची किल्ली लागत नाही, फट पुरते. किल्ली लागते ती आतलं काढायला. हे त्यांना पटलं असावं, कारण पासवर्डाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मग मी विचारलं की वार्षिक देखभालीची वर्गणी भरलेली आहे का (थकलेली असेल तर क्लब पॉइंट अडवतो), पॉइंट ह्या वर्षाचे की आधीच बाद झालेले, अर्धे पैसे आधी आणि अर्धे नंतर चालतील का, आणि हे सगळं लिहून द्याल का. शेवटी ते फार दमलेल्या आवाजात म्हणाले, "दादा, तुम्ही दुसरीकडे बघा. माझ्याच्यानं होत नाही." लांबू खाटेवर लोळून हसला. म्हणाला, तुझ्यामुळे एक माणूस सन्मार्गाला लागणार. मला मात्र हसू आलं नाही. मी बाबांच्या कार्डामागे छापलेल्या नंबरावर, म्हणजे खऱ्या क्लबाला, फोन केला. तिथल्या मुलीनं (ती दर वेळी आपलं नाव सांगते, पण इतक्या भरभर की अजून मला धरता आलेलं नाही) सांगितलं की असे कोणी साहेब सभासदच नाहीत. नंबर नेहमी कार्डावरचा घ्यावा, समोरच्यानं दिलेला नाही, हे तीही म्हणाली. मला बरं वाटलं. ह्या विषयात माझ्याशी सहमत झालेली ती पहिलीच.

त्यानंतर ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं, "पॉइंट आहेत. आधी तुम्ही कोण ते सांगा." निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या. मी माझी माहिती पाठवली तर त्यांनी ती तपासून परत पाठवली आणि विचारलं, ही खरी कशावरून. ताई, मला जन्मात पहिल्यांदा माझ्यासारखं माणूस भेटलं आणि तेव्हा मला कळलं की लोकांना माझा वैताग का येतो. एका सभासदाची माहिती क्लब दुसऱ्याला देत नाही, म्हणून आम्ही क्लबातल्या मुलीला मध्ये घेऊन तिघांचा एक फोन जोडला. दोघांनी आपापली परवानगी दिली, आणि तिनं सांगितलं की दोघंही खरे सभासद आहेत, बाईंची वर्गणी भरलेली आहे, पॉइंट वर्षअखेरपर्यंत चालतील, आणि एकदा माझ्याकडे आले की ते परत जाणार नाहीत किंवा पुढे तिसऱ्याला देता येणार नाहीत. बाई तिला म्हणाल्या, हे पुन्हा एकदा सांग, सावकाश, वाक्य तोडून. तिनं सांगितलं.

तरी मला एक शंका होती. खातं खरं असतं आणि बोलणारा दुसराच कोणी असतो, असंही होऊ शकतं. म्हणून मी बाईंना विचारलं की तळ्याकाठच्या घरात तुम्ही राहिला असाल तर काय दिसतं ते सांगा. साहेबांना मी हेच विचारलं होतं, ते म्हणाले होते, स्वर्ग. बाई म्हणाल्या, न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो. मोठ्या खोलीतला दिवा गुणगुणतो. आणि बाल्कनीतल्या दोन खुर्च्यांपैकी डावीतून तळं दिसतं, उजवीतून फक्त पाण्याची टाकी. मग खुर्च्यांवरून त्यांना आठवलं. म्हणाल्या, "आमचे हे कायम उजवीत बसायचे. मी डावीत. ते गेल्यावर एकदा एकटी गेले आणि त्यांच्या खुर्चीत बसले, तेव्हा मला टाकी दिसली. इतकी वर्षं हा माणूस टाकी बघत होता, आणि मला म्हणायचा, वा, काय तळं आहे." त्यानंतर त्या तिकडे गेल्या नाहीत. क्लबातल्या मुलीचा फोन अजून जोडलेलाच होता. खोटं बोलणारा माणूस घराचे दोष सांगत नाही, म्हणून माझी खात्री पटली, असं मी बाईंना सांगितलं. खरं म्हणजे मला त्या वेळी खात्रीबद्दल काही सुचत नव्हतं.

पण व्यवहार तो व्यवहार. आता प्रश्न आला, आधी कोणी द्यायचं. मी म्हणालो, पॉइंट आले की पैसे. बाई म्हणाल्या, पैसे आले की पॉइंट. मी म्हणालो, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. त्या म्हणाल्या, माझाही तुझ्यावर आहे, तेव्हा तू आधी पाठव. ह्यात बरेच दिवस गेले. रोज दुकान बंद करून आलो की आम्ही फोनवर एकमेकांची तब्येत विचारायचो आणि मग कोणीच काही पाठवायचं नाही. त्यांच्या गुडघ्याचं मला सगळं कळलं, तुझ्या पाठीचं त्यांना. (त्या म्हणतात, उताणं झोपून गुडघ्याखाली उशी घे.) लांबू म्हणाला, "दोन माणसं दारात उभी राहून आधी तुम्ही, आधी तुम्ही करतात ना, तसं चाललंय तुमचं. मागे गाड्यांची रांग लागलीय, वर्ष संपत आलं." ते खरं होतं. वर्षअखेर बाईंचेही पॉइंट बाद होणार होते आणि माझेही. दोघंही इतके सुरक्षित राहिलो असतो की दोघांच्याही हाती काही लागलं नसतं, आणि आपल्या घराची आणखी एक सुट्टी गेली असती. हा विचार आला आणि मी क्लबाला फोन लावला.

वाट काढली क्लबातल्या मुलीनं. बाईंनी पॉइंट पाठवले की ते आधी माझ्या खात्यात "मंजुरी बाकी" म्हणून दिसतात. मी स्वीकारल्याशिवाय ते माझे होत नाहीत, आणि बाईंना ते तोवर मागे घेता येतात. तेव्हा ते दिसले की मी अर्धे पैसे पाठवायचे, पैसे बाईंच्या बँकेत पोचले की मी स्वीकारायचं, स्वीकारलं की उरलेले अर्धे. पुन्हा तिघं फोनवर आलो. मी खातं स्वतः उघडलं (बाई फोटो पाठवते म्हणाल्या, मी नको म्हटलं, त्या म्हणाल्या, शाबास). बाईंनी आकडे मोठ्यानं वाचायला लावले, मी वाचले. मी अर्धे पैसे पाठवले, ते पोचले का हे बाईंनी दुसऱ्या फोनवरून बँकेला विचारलं. मी बटण दाबलं. पॉइंट आले. मी उरलेले पैसे पाठवले, आणि ते मिळाल्यावर बाई म्हणाल्या, "आता उद्यापासून फोन करायला कारण नाही तुला." मी म्हटलं, गुडघ्याची चौकशी करायची असते. त्या बरं म्हणाल्या.

त्याच दिवशी मी घर ठरवून टाकलं. पुढच्या महिन्याचा शेवटचा आठवडा, दोन खोल्या, बाल्कनी तळ्याकडची. चिमणीच्या शाळेला तेव्हा सुट्टी असते, ते मी शाळेत फोन करून विचारलं. (मामा बोलतोय म्हटलं आणि त्यांनी काहीही पुरावा न मागता सांगितलं. ह्याबद्दल तू शाळेत तक्रार करायला हवीस.) तुझ्या दवाखान्यातल्या मुख्य सिस्टरनाही विचारलं, त्या म्हणाल्या, तुझी रजा साठलेली आहे, तूच घेत नाहीस. क्लबाचा कागद आला तो मी पुनःपुन्हा वाचला. तारखा बरोबर, खोल्या बरोबर, सगळ्यांची नावं एकेक अक्षर बरोबर. मग लांबूला वाचायला दिला. त्यानं वाचला आणि हळूच विचारलं, "ताईचं काही बिनसलं काय रे भाऊजींशी?"

मी तुझं माहेरचं नाव घातलं होतं. बाबांचं नाव, आपलं आडनाव. इतकी तपासणी केली आणि ती चूक मला दिसलीच नाही, कारण मला ती चूक वाटलीच नव्हती. क्लबात फोन केला तर मुलगी म्हणाली, ह्या नावाच्या पाहुण्या ओळखपत्र दाखवू शकतील ना? मी म्हटलं, ह्या नावाची बाई आता नाही. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, सॉरी सर. मला खुलासा करावा लागला की तू आहेस, खणखणीत आहेस, फक्त नाव गेलं आहे. मग ती नेहमीच्या आवाजावर आली आणि म्हणाली की नाव जुळलं नाही तर तिथे आत घेणार नाहीत. लोक दुसऱ्याचे पॉइंट घेऊन, घर ठरवून, मग पाहुण्याचं नाव बदलून ते तिसऱ्याला विकतात, म्हणून नियम कडक केलाय. नियम चांगला आहे. मीही तसाच केला असता.

असो. पत्र लांबलं. फोनवर एवढं सांगता येत नाही, आणि तुझ्या मागे कोणीतरी हाक मारतं. थोरांना नमस्कार, चिमणीला लाड.

तुझा,
धाकटा

ता. क. तिथे सकाळी गारठा असतो असं बाई म्हणाल्या. चिमणीला कानटोपी घेतली आहे, डोक्याचा अंदाज लांबूच्या भाचीवरून. घट्ट झाली तर दुकानदार बदलून देणार आहे, विचारून ठेवलं आहे.

दुसरा ता. क. नावाचं राहिलं. दुरुस्ती मला करता येत नाही. ज्या पाहुण्याचं नाव आहे त्यानं स्वतः क्लबाला फोन करून, ओळखपत्राचा फोटो पाठवून ती करायची, हा महिना संपायच्या आत. कार्डामागचा नंबर पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवला आहे. पण मी लिहिलाय म्हणून विश्वास ठेवू नकोस, क्लबाच्या कागदाशी ताडून बघ, तोही सोबत आहे.

तिसरा ता. क. शेवटच्या फोनवर बाईंनी विचारलं, बहिणीला विचारलंस का. मी म्हटलं, ती नाही म्हणायची नाही. बाई म्हणाल्या, मी ते विचारलं नाही. तर ताई, तुला विचारायचं राहिलं आहे. क्लबाला, बाईंना, शाळेला, मुख्य सिस्टरना, सगळ्यांना विचारून झालं. तू नाही म्हणालीस तर पुढे काय करायचं ते मला ठरवता येईना, म्हणून आधी बाकीचं करत बसलो. येशील का? भाऊजी येणार असतील तर त्यांची उशी मी वेगळी सांगितली आहे. नसेल जमत तर मला लिहू नकोस, समजावू नकोस. क्लबाला फोन करू नकोस, म्हणजे मला कळेल.

चौथा ता. क., आणि वरचं शेवटचं वाक्य रद्द समज. तू नाव दुरुस्त केलंस की क्लबाचा निरोप मला येईल, पण निरोप काय, कोणीही पाठवू शकतं. आणि नाही आला तर तो वाटेत अडकला असंही असू शकतं. तेव्हा निरोप येवो न येवो, खात्री करायला मी स्वतः तुला फोन लावणार आहे. हो असेल तरी उचल, नाही असेल तरी उचल.